तोडलेली भाजी जिवंतच असते

भर उन्हाळ्यात ताज्या भाज्या घरात आल्या की आपण लगेच रेसिपी शोधायला बसतो, पण आधी त्या भाजीच्या आत काय चाललंय ते समजून घ्या, निम्मं काम तिथेच होतं. झाडावरून तोडली तरी भाजी जिवंत असते, तिचा श्वासोच्छ्वास चालू असतो, साठवलेली साखर ती खर्च करत राहते आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून तर तोडणी पहाटे केलेली चांगली, तेव्हा माल मुळातच थंड असतो.

सगळ्यात जास्त घाई मक्याची. साध्या स्वीट कॉर्नमध्ये कणीस तोडल्यापासूनच दाण्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, ३० अंशांच्या आसपास ते पडून राहिलं तर एका दिवसात निम्मी साखर जाऊ शकते, आणि शून्याजवळ ठेवलं तर हेच खूप सावकाश होतं. त्यामुळे कणसं आणल्या आणल्या सालासकट फ्रिजमध्ये टाका आणि शक्यतो त्याच दिवशी खा. सुपरस्वीट जाती मात्र बरेच दिवस गोड राहतात, कारण १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी मक्यातलं असं एक जनुक हेरलं ज्याच्यामुळे साखरेपासून स्टार्च बनवण्याचं काम खूपच मंदावतं.

टोमॅटोला मात्र फ्रिज मानवत नाही. साधारण १२ अंशांखाली त्याचा वास बनवणारी यंत्रणा ढेपाळते, २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की ५ अंशांवर ठेवलेल्या टोमॅटोत सुगंधी द्रव्यं तयार करणारी काही जनुकंच मंदावतात, परत बाहेर काढून ठेवला तरी पूर्वीचा वास पूर्ण येत नाही, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग तर वासच असतो ना! पिकलेला टोमॅटो एक-दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेरच ठेवा. आणि प्लीज, बियांभोवतीचा तो बुळबुळीत गर काढून फेकू नका, ग्लुटामेट म्हणजे उमामी, ती भरदार खमंग चव देणारा पदार्थ बाहेरच्या गरापेक्षा तिथे जास्त असतो.

टोमॅटो कच्चा खावा की शिजवून? दोन्ही. उष्णतेने व्हिटॅमिन सी कमी होतं पण पेशींच्या भिंती मोडल्यामुळे लायकोपीन, म्हणजे टोमॅटोला लाल रंग देणारं द्रव्य, मोकळं होतं, आणि ते तेलात विरघळतं म्हणून सोबत थोडं तेल असलं की शरीराला जास्त मिळतं. काकडीचा तो ओळखीचा गारेगार वास तर चिरल्यावरच तयार होतो, पेशी फुटल्या की एन्झाइम आणि मेदाम्लं एकत्र येतात तेव्हा, त्यामुळे ती अगदी ऐन वेळी चिरा. मीठही शेवटी घाला, आधी घातलंत तर ऑस्मोसिसने, म्हणजे मीठ पेशींतलं पाणी बाहेर खेचतं म्हणून, सगळं पाणी ताटात येईल.

आता फरसबी. तिचा हिरवा रंग म्हणजे क्लोरोफिल आणि त्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियम बसलेलं असतं, उष्णता आणि आम्ल मिळालं की ते निसटतं आणि रंग शेवाळी होतो. शेंगांमधून स्वतःचीच आम्लं बाहेर पडत असतात, तेव्हा भरपूर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, पाच-सात मिनिटांत उरका. चिमूटभर सोडा घातला तर रंग टिकतो हे खरं पण पेशीभिंती विरघळून भाजी लगदा होते, मला तरी हा सौदा अजिबात पटत नाही. आम्लाचं दुसरं काम याच्या उलट आहे, ते पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळू देत नाही, त्यामुळे टोमॅटोच्या रसात घातलेली फरसबी बराच वेळ उकळली तरी कडक लागते आणि वर रंगही जातो. दोन्ही एकाच भांड्यात करायचं असेल तर आधी शेंगा पाण्यात मऊ करा आणि टोमॅटो मग घाला.