यूएसबी ड्राइव्हवरील हलके लिनक्स

संगणकाच्या आतल्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवर किंवा बाह्य एसएसडीवर लिनक्स बसवून संगणक तिथूनच बूट (सुरू) करण्याची पद्धत. पपी लिनक्स, टायनी कोअर, अँटीएक्स, स्लॅक्स या डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) यासाठी विशेष वापरल्या जातात. टायनी कोअर तर चित्रमय डेस्कटॉपसह जेमतेम २०-२५ एमबीत मावते.

कल्पना सीडीच्या काळातली. जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्समुळे (२०००) काहीही इन्स्टॉल न करता पूर्ण डेस्कटॉप चालवण्याची पद्धत रुळली. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये आणलेले पपी बूट होतानाच स्वतःला रॅममध्ये उतरवून घेते. म्हणून जुन्या यंत्रावरही ते चपळ वाटते.

‘यूएसबीवर लिनक्स टाकले’ असे म्हणताना लोक दोन निराळ्या गोष्टी बोलत असतात. लाइव्ह पद्धतीत मूळ प्रणाली स्क्वॉशएफएस या दाबून बसवलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलीत असते आणि केलेले बदल वेगळ्या थरात साठतात. तो थर जपून ठेवला नाही तर बंद करताच सारे पुसले जाते. पूर्ण इन्स्टॉलमध्ये ड्राइव्ह नेहमीच्या डिस्कसारखाच वापरला जातो. कर्नलसह (प्रणालीच्या गाभ्यासह) सगळे अपडेट होते, पण लिहिणेही सतत चालते.

पूर्ण इन्स्टॉलची खरी गोम बूटलोडरमध्ये, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये आहे. यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणारे फर्मवेअर) असलेल्या यंत्रावर तो फॅट३२ या फाइलरचनेतल्या छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कच्या विभागात) राहतो. काही इन्स्टॉलर यूएसबी निवडूनही बूटलोडर आतल्या डिस्कच्या पार्टिशनमध्ये ठेवून मोकळे होतात. मग ड्राइव्ह दुसऱ्या यंत्राला लावला की बूट होत नाही आणि मूळ यंत्राचा बूटक्रमही बिघडलेला असतो. उपाय दोन: इन्स्टॉल करताना आतली डिस्क बायोसमधून बंद ठेवणे, किंवा ग्रब हा बूटलोडर बसवताना ‘रिमूव्हेबल’ पर्याय देणे. या पर्यायाने बूटलोडर अशा ठरावीक जागी जातो, जिथे कोणतेही यूईएफआय यंत्र काढता येणाऱ्या ड्राइव्हवर त्याला शोधते.

लिनक्स ड्राइव्हना देते त्या नावांचाही घोळ असतो. आज ‘एसडीबी’ असलेला ड्राइव्ह उद्या दुसऱ्या यंत्रावर ‘एसडीसी’ होतो, म्हणून ‘एफएसटॅब’मध्ये (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे ते सांगणाऱ्या फाइलीत) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा न बदलणारा ओळखक्रमांक, लिहितात. ‘डीडी’ या आज्ञेने आयएसओ (प्रणालीची डाउनलोड केलेली फाइल) ड्राइव्हवर लिहिताना तर जास्तच जपावे लागते: ही आज्ञा ‘नक्की का?’ असे विचारत नाही, चुकीची डिस्कही निमूटपणे खरडून टाकते. आधी ‘एलएसबीएलके’ (डिस्कची यादी दाखवणारी आज्ञा) चालवून आकारावरून ड्राइव्ह ओळखणे बरे.

वेगाबाबत पोर्टलाच दोष देण्याची सवय आहे. यूएसबी २.० ची कमाल गती ४८० मेगाबिट प्रतिसेकंद, ३.० ची ५ गिगाबिट. पण स्वस्त पेनड्राइव्ह अडखळतो तो मुख्यतः लहानलहान तुकडे विखुरलेल्या जागी लिहिताना, आणि नेमके हेच काम ब्राउझरची कॅश दिवसभर करत असते. फ्लॅश पेशींची लिहिण्याची मर्यादाही ठरलेली असते. त्यामुळे कॅश व लॉग रॅममध्ये ठेवतात, ‘नोएटाइम’ (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याचा पर्याय) लावतात आणि स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास डिस्कवर वापरली जाणारी जागा) टाळतात. हलक्या डेस्कटॉपचा मोठा फायदा इथेच दिसतो: रॅम मोकळी राहते, म्हणून स्वॅपवाचून भागते.

पपीसारखी प्रणाली पूर्णपणे रॅममध्ये उतरली असेल आणि बदल साठवायचे नसतील, तर चालू यंत्रातून ड्राइव्ह काढूनही घेता येतो. पूर्ण इन्स्टॉलमध्ये मात्र ड्राइव्ह क्षणभर सैल झाला तरी मूळ पार्टिशनच हातचे जाते आणि पुढच्या क्लिकला डेस्कटॉप गोठतो.