सातपुड्यातला रानपिंगळा ओळखता येतो का तुम्हाला?

नंदुरबार जिल्ह्यातलं शहादा म्हटलं की आपल्याला ऊस, पपई आणि सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे आठवतात, पण जगभरातल्या पक्षी अभ्यासकांना शहादा माहितीय तो एका छोट्या घुबडामुळे. त्याचं नाव रानपिंगळा. आकाराने साधारण मैनेएवढा, 23 सेंटीमीटरच्या आसपास. आणि आपल्या खान्देशात कुणालाही त्याचा फोटो दाखवा, दहापैकी नऊ जण म्हणतील, "हाऊ ते रोजना पिंगळा शे!" मला खरी काळजी तीच वाटते, कारण जो पक्षी आपल्याला वेगळा म्हणून दिसतच नाही तो गेला तरी आपल्याला कळणार नाही.

तर आधी ओळख करून घेऊ. आपल्या गावातल्या चिंचेवर, वडावर, पडक्या भिंतीत राहतो तो ठिपकेवाला पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं, ठिपके असलेच तर एकदम बारीक. गळ्याखाली छातीवर गडद तपकिरी पट्टा, पोट पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर जाड पांढरे पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले आणि पंजे अंगाच्या मानाने दणकट. सगळ्यात मोठी खूण म्हणजे तो दिवसा कामाला असतो, सकाळी उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून शेपटी हलवत खाली नजर ठेवून असतो. सरडे, सापसुरळ्या हे त्याचं मुख्य खाणं, शिवाय उंदीर, नाकतोडे आणि कधी छोटे पक्षी. फक्त एक खूण बघून नक्की करू नका हां, गावातला पिंगळाही कधीकधी दिवसा बाहेर दिसतो.

आता याची गोष्ट ऐका, ती कुठल्याही पिक्चरपेक्षा कमी नाही. 1872 मध्ये आताच्या छत्तीसगडमध्ये ब्लेविट नावाच्या इंग्रज माणसाला हा पक्षी मिळाला आणि 1873 मध्ये ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. हे तेच ए. ओ. ह्यूम, ज्यांनी पुढे काँग्रेस स्थापनेत भाग घेतला. नंतर आपल्या खान्देशात इंग्रज अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने शहादा भागातून याचे काही नमुने, म्हणजे मारून भरून ठेवलेले पक्षी, गोळा केले, त्यातला शेवटचा 1884 चा. आणि मग संपलं. शंभर वर्षांच्या वर कुणालाच तो खात्रीने दिसला नाही, जगातल्या म्युझियममध्ये मोजून सात नमुने, बस.

मध्येच 1914 चा एक नमुना होता, गुजरातमधल्या मांडवीचा म्हणून नोंदवलेला, मायनर्टझहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलचा. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कोलार या पक्षीतज्ज्ञांनी तो नमुना बारकाईने तपासला तर निघालं असं की तो डेव्हिडसनचाच जुना पक्षी होता, म्युझियमच्या संग्रहातून चोरलेला आणि पुन्हा भरून नवं लेबल लावलेला! एका खोट्या लेबलमुळे लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. मला याचा फार राग येतो, कारण पक्षी कुठे राहतो हेच चुकीचं कळलं तर त्याला वाचवायचं कुठे जाऊन?

1997 च्या नोव्हेंबरमध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट आधी पूर्वेकडे जुन्या जागांवर शोधून आले, काही सापडलं नाही, मग शहाद्याकडे वळले आणि 25 नोव्हेंबरला सकाळी तोरणमाळच्या पायथ्याच्या जंगलात रानपिंगळा दिसला, त्याचं व्हिडिओ शूटिंगही झालं. तेव्हा नंदुरबार जिल्हा झालेला नव्हता, हा सगळा धुळे जिल्हा. म्हणजे 113 वर्षांनी तो त्याच भागात सापडला जिथे तो शेवटचा नोंदला होता. आपल्या पावरा-भिल्ल बांधवांच्या शेजारी तो इतकी वर्षं राहतच असणार, जगाचं लक्ष तेवढं नव्हतं.

त्यानंतर बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी सातपुड्यात सर्व्हे केले, मग मेळघाट, यावल, खंडवा-बुऱ्हाणपूरकडचा भाग, 2014 मध्ये ठाण्याजवळ तानसा, असा तो आणखी ठिकाणी मिळत गेला. म्हणून 2018 मध्ये आययूसीएनने, म्हणजे कोणता जीव किती धोक्यात आहे याची यादी ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, त्याला "अतिशय धोक्यात"वरून एक पायरी खाली "धोक्यात" या यादीत आणलं. पण त्यामुळे लगेच हुश्श करू नका, पूर्ण वाढ झालेले पक्षी अजूनही जगभरात मिळून हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे, आणि जगभरात म्हणजे फक्त मध्य आणि पश्चिम भारताच्या या पट्ट्यात, दुसरीकडे कुठेच नाही.

त्याला लागतं काय? सागाचं, सालईचं मोकळं जंगल आणि त्यात ढोली असलेली जुनी झाडं. घुबड स्वतः ढोली कोरत नाही, झाड म्हातारं व्हावं लागतं, फांदी मोडून कुजावी लागते किंवा सुतारपक्ष्याने भोक पाडावं लागतं, याला कित्येक वर्षं जातात. आपण नेमकं तेच वाळकं, पोकळ झाड "काय कामाचं नाही" म्हणून आधी तोडतो. नवीन रोपं लावून ही भरपाई लवकर होत नाही. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, ती आग डोंगरभर गेली की सरडे-सापसुरळ्या मरतात आणि पोकळ खोड आतून धुमसत राहतं. मोहफुलं ही लोकांची कमाई आहे, ती बंद करा असं कुणी म्हणू नये. पाला झाडून बाजूला केला किंवा खाली जाळी, जुनी साडी अंथरली तरी फुलं स्वच्छ मिळतात, मेहनत थोडी जास्त आहे हे मान्य.

दुसरं, उंदराचं औषध. ब्रोमॅडिओलोनसारखं विष शरीरातलं व्हिटॅमिन के वापरू देत नाही, मग रक्त गोठत नाही, पण उंदीर मरायला काही दिवस लागतात आणि तोवर तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. असा उंदीर कुठल्याही घुबडाला सहज मिळतो आणि विष त्याच्या पोटात जातं. जंगलाला लागून शेत असेल तर निदान मेलेले उंदीर गोळा करून पुरून टाका. शेतात पक्षीथांबे लावा, गव्हाणी घुबड आणि साधा पिंगळा रात्री तुमचंच काम फुकटात करतात.

आणि दिवाळीच्या आसपास घुबडाची नखं, पिसं, मुंडकं धनलाभासाठी विकणारे भेटले तर गप्प बसू नका. रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, शिकारीला किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. वनविभागाची हेल्पलाइन 1926. तोरणमाळला फिरायला गेलात आणि तो दिसला तर लांबून फोटो काढा, तारीख आणि जागा लिहून वनविभागाला कळवा, मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका, आणि ढोलीचं लोकेशन व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.