रोडे, क्लाउस

(जन्म १९३२). माशांच्या परजीवींची विविधता आणि उत्क्रांती यांचे अभ्यासक. जन्माने जर्मन, कारकिर्दीचा मोठा भाग ऑस्ट्रेलियात. माशाच्या अंगावर परजीवींना राहायला जितकी जागा असते, तिच्यातली बहुतेक रिकामीच पडलेली असते, हे त्यांचे मुख्य म्हणणे. ऐकायला साधे वाटले, तरी त्यातून त्यांनी परिस्थितिविज्ञानातल्या एका रूढ समजुतीलाच हात घातला : निसर्गातल्या जागा भरलेल्या असतात आणि जाती त्या स्पर्धेने वाटून घेतात, ही ती समजूत.

१९६०च्या दशकात ते क्वालालंपूर येथील मलाया विद्यापीठात होते. तिथे त्यांनी गोड्या पाण्यातील कासवांत आढळणाऱ्या मल्टिकोटिले पर्विसी या चपट्या कृमीचे जीवनचक्र उलगडले. हा कृमी ॲस्पिडोगॅस्ट्रिया या लहानशा गटातला. या गटातल्या कृमींच्या पोटाकडच्या बाजूला खोलगट खणांची मोठी चकती असते आणि तिच्या आधाराने हे कृमी शिंपल्यांसारखे मृदुकाय प्राणी, मासे किंवा कासवे यांना चिकटून राहतात. परजीवी म्हणजे इंद्रिये गमावलेला, ऱ्हास पावलेला जीव, असे पाठ्यपुस्तकांत सर्रास लिहिले जाई. या कृमीच्या अळीत मात्र त्यांना कमालीची गुंतागुंतीची मज्जासंस्था आणि नाना प्रकारचे संवेदी अवयव सापडले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि नंतर डीएनए यांच्या साहाय्याने त्यांनी चपट्या कृमींच्या वंशावळीवरही काम केले.

ऑस्ट्रेलियात आल्यावर ग्रेट बॅरियर रीफवरील हेरन बेट हे त्यांचे महत्त्वाचे कार्यक्षेत्र झाले. त्या परिसरातील सुमारे १,००० जातींच्या माशांवर परजीवींच्या २०,००० जाती असाव्यात, असा अंदाज त्यांनी १९७६ मध्ये मांडला. ही मोजणी नव्हे, तपासलेल्या थोड्या माशांवरून बांधलेला अंदाज. पण प्रवाळांच्या रंगीबेरंगी दुनियेत न दिसणारा हिस्सा केवढा असेल, याची कल्पना त्यावरून येते. त्यानंतरची त्यांची दीर्घ नोकरी आर्मिडेल येथील न्यू इंग्लंड विद्यापीठात झाली. हे गाव समुद्रापासून दूर, सुमारे १,००० मी. उंचीच्या पठारावर आहे. सागरी परजीवींच्या अभ्यासकाचा पत्ता म्हणून जरा विचित्रच.

त्यांचे सर्वांत विचारप्रवर्तक काम कल्ल्यांवर राहणाऱ्या मोनोजेनिया या गटातल्या चपट्या कृमींवरचे आहे. मासळी ताजी आहे का हे पाहायला आपण ज्या कल्ल्याचे झाकण उचलतो, त्याच्या आतली ही वस्ती. उत्तर समुद्र, पापुआ न्यू गिनी इत्यादी ठिकाणच्या माशांवर कोणती जात नेमकी कुठे बसते, याची त्यांनी नोंद घेतली. उदा., आपल्या बांगड्याच्या कुळातील स्कॉम्बर या माशावर कुन्हिया स्कॉम्ब्री हा कृमी कल्ल्यांच्या तंतूंवर असतो, तर त्याची सख्खी जात कुन्हिया स्प्रोस्टोनी आभासी कल्ल्यांवर (झाकणाच्या आतल्या बाजूच्या, कल्ल्यासारख्या दिसणाऱ्या छोट्या अवयवांवर). अशी वाटणी स्पर्धेमुळे होते, हे त्या काळचे ठरलेले उत्तर. त्याला आधारही होता : परजीवींचे अभ्यासक जॉन होम्स यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या आतड्यात दोन जातींचे कृमी एकत्र असले की त्यांतला फीतकृमी मागे सरकतो, असे दाखवले होते. रोडे यांचा प्रश्न असा की, शेजारी कोणी नसतानाही कृमी आपली अरुंद जागा सोडत नाही, ते का? त्यांचे उत्तर : जोडीदार सापडावा म्हणून. विस्तीर्ण कल्ल्यावर मोजकेच कृमी विखुरले, तर त्यांची भेट व्हायची कशी? जागा आकसली की ती होते. विरळ आणि कमी हलणाऱ्या जातींच्या जागा अधिक अरुंद असतात, हा त्यांचा एक पुरावा. दुसरा त्याहून मासलेवाईक : मैथुनेंद्रिये सारखी असलेल्या निकटच्या जाती वेगवेगळ्या जागी राहतात, ती भिन्न असलेल्या जाती मात्र खुशाल एकत्र नांदतात. म्हणजे टाळायचा असतो तो संकर. स्पर्धा कुठेच नसते, असा दावा त्यांनी केला नाही. तिला दिलेले सार्वत्रिक महत्त्व त्यांना अमान्य होते.

विषुववृत्ताकडे जाताना जाती का वाढतात, या जुन्या प्रश्नातही त्यांनी परजीवींचा उपयोग केला. उष्ण समुद्रांत दर माशामागे मोनोजेनियाच्या जाती वाढतात. शरीरात राहणाऱ्या कृमींच्या बाबतीत तशी वाढ दिसत नाही. थंड समुद्रांत जिवंत पिले देणाऱ्या गायरोडॅक्टिलस वर्गीय मोनोजेनिया कृमींचे प्रमाण जास्त असते, हेही त्यांनी १९८५ मध्ये दाखवले. मुक्त पोहणारी अळी थंड पाण्यात सोडण्यापेक्षा पिलू त्याच माशावर ठेवणे बरे, असा याचा अर्थ लावता येतो. १९९२ मध्ये त्यांनी ‘परिणामकारक उत्क्रांतिकाल’ ही कल्पना मांडली. उष्णतेमुळे पिढ्या लवकर उलटतात, उत्परिवर्तने आणि निवड यांचा वेग वाढतो. त्यामुळे तेवढ्याच वर्षांत उष्ण प्रदेशात उत्क्रांती अधिक घडते. पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांसह त्यांनी, रॅपोपोर्टचा नियम (विषुववृत्तापासून दूर जाताना जातींच्या वावराचा अक्षांशांतला पट्टा रुंदावतो, हा) सागरी अस्थिमत्स्यांना, म्हणजे हाडांचा सांगाडा असलेल्या माशांना, लागू पडत नाही, असे दाखवले.

२००५ मध्ये त्यांनी संपादित केलेला सागरी परजीवीविज्ञानाचा ग्रंथ आणि असमतोल परिस्थितिविज्ञानावरील पुस्तक, दोन्ही प्रसिद्ध झाली. निसर्गातले बहुतेक समुदाय भरलेले व समतोल नसून अर्धेअधिक रिकामे असतात, हे कल्ल्यांवरून काढलेले अनुमान दुसऱ्या पुस्तकात इतर प्राण्यांपर्यंत नेलेले आहे.