मंदसौरच्या तहापासून खताच्या खड्ड्यापर्यंत

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांसाठी प्रश्नमंजूषा असते. प्रश्न काढायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. इंदूरवरचा प्रश्न आला की उत्तरं पाठच असतात. राजवाडा किती मजली? सात. लता मंगेशकरांचा जन्म कुठला? इथलाच, १९२९चा. स्वच्छतेत पहिला नंबर कधीपासून? २०१७. गेल्या वर्षी मात्र सहावीतल्या एका मुलीने मलाच विचारलं, "काकू, मग २०१७च्या आधी इंदूर घाण होतं का?" तेव्हा वेळ निभावून नेली, पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचं खरं उत्तर द्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं, आणि वाटेत महू, देवास, धार, उज्जैन अशी माळव्यातली सगळी शहरं लागतात.

इंदूर होळकरांची राजधानी पहिल्यापासून होती, असं आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं. तसं नव्हतं. मल्हाररावांनी राजवाड्याचं काम इथे काढलं हे खरं, पण अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वरहून. यशवंतरावांच्या काळात दौलतीचं केंद्र भानपुऱ्याला गेलं. इंदूर तेव्हा व्यापारी पेठ म्हणून नांदत होतं. राजधानीचा मान त्याला मिळाला तो एका पराभवामुळे. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली. गादीवरचे दुसरे मल्हारराव तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचे होते. ६ जानेवारी १८१८ला मंदसौरला तह झाला. राजपुताना गेला, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला. उरलेल्या राज्याची घडी बसवायचं काम दिवाण तात्या जोग किबे यांच्याकडे आलं आणि त्याच वर्षी राजधानी इंदूरला आली.

या तहाने माळव्याचा नकाशा किती बदलला हे पाहिलं की मला दर वेळी नवल वाटतं. कान्ह नदीच्या पलीकडे इंग्रजांची रेसिडेन्सी, म्हणजे दरबारातल्या त्यांच्या प्रतिनिधीचं ठाणं, बसली. आपण आजही 'छावणी'त जातो असं म्हणतो, ते नाव तिथलंच. इंदूरपासून तेवीस-चोवीस किलोमीटरवर जॉन माल्कमने लष्करी ठाणं वसवलं, तेच महू. या माल्कमपुढेच जून १८१८मध्ये अशीरगडाजवळ दुसऱ्या बाजीरावांनी शस्त्र खाली ठेवलं. हे बाजीराव जन्मले कुठे होते? पुण्यात नव्हे. १७७५ साली, राघोबादादा परागंदा असताना, आनंदीबाई पवारांच्या आश्रयाला धारच्या किल्ल्यात होत्या. शेवटचे पेशवे तिथे जन्मले. धारला सहल जाते ती भोजशाळा पाहून मांडूकडे वळते. किल्ल्यात थांबून ही गोष्ट मुलांना कोणी तरी सांगायला हवी.

महूच्या ठाण्याने पुढे देशाला काय दिलं ते सगळ्यांना माहीत आहे. रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत होते म्हणून कुटुंब महूला होतं, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म तिथे झाला. कमी ठाऊक असलेली गोष्ट क्रिकेटची आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीत महूला होता आणि होळकर संघातून रणजी खेळला. १९४४-४५च्या अंतिम सामन्यात मुंबईने होळकरांपुढे ८६७ धावांचं लक्ष्य ठेवलं. कॉम्प्टन २४९वर नाबाद राहिला, तरी होळकर हरले. त्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून २०७८ धावा झाल्या. पुढच्याच हंगामात सी. के. नायडूंच्या होळकर संघाने इंदुरात म्हैसूरविरुद्ध एका डावात सहा शतकं ठोकली आणि ८ बाद ९१२वर डाव सोडला. त्या वर्षी करंडक इंदूरला आला.

देवासची तऱ्हा सगळ्यात वेगळी. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोन भावांना मुलूख एकत्र मिळाला आणि त्यातून दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, दरबार दोन, गाव मात्र एकच. १८१८ साली इंग्रजांनी दोघांशी मिळून एकच तह केला. एरवी भाऊबंदकीत वाटणी झाली की मध्ये भिंत उभी राहते. देवासात दोन राज्यं एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना सव्वाशेहून अधिक वर्षं नांदली. कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना कोरड्या हवेसाठी १९४८च्या सुमारास इथे आले आणि कायमचे इथलेच झाले, हे वेगळं सांगायला नको.

उज्जैन शिंद्यांचं, त्यामुळे मंदसौरच्या तहाशी त्याचा थेट संबंध नाही. पण एक नाव इथे घ्यायलाच हवं. सवाई जयसिंहाने बांधलेली वेधशाळा पडझड होऊन बंद पडली होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करवली आणि ती ज्योतिर्गणिती गोविंद सदाशिव आपटे यांच्या हाती सोपवली. या वेधशाळेत, म्हणजे जंतरमंतरला, गेलात तर सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सूर्यघड्याळाच्या, भिंतीची सावली बघत पाच मिनिटं उभे राहा. सावली सरकताना डोळ्यांना दिसते. पंचांगातले आकडे आधी आकाशाशी ताडून पाहणारे आपटे इथे उभे राहत असत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळते. राजधानी झाल्यावर इंदूर वाढलं, ते मुख्यतः अफूच्या आणि पुढे कापसाच्या व्यापारावर. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. संस्थानिक सरकारचे कर्जदार असल्याच्या गोष्टी खूप ऐकतो, इथे उलटं होतं. रेल्वेने कापूस बाहेर गेला, मग गिरण्या इथेच उभ्या राहिल्या आणि गिरण्यांबरोबर माणसं आली. गल्ल्या दाटल्या, विहिरी आणि नदी गढूळ झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगने शहराला पुन्हा पुन्हा गाठलं. माझ्या पणजीच्या तोंडी 'मेलेला उंदीर दिसला की घर सोडायचं' हे वाक्य होतं. ते कुठल्या भीतीतून आलं ते मला फार उशिरा कळलं.

या दिवसांत तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. मूळचे ते जीवशास्त्राचे. नकाशे काढायच्या आधी ते गल्लीबोळांतून पायी हिंडले. हिंडताना हातात नकाशा असायचा, म्हणून लोक घाबरले. साहेब घरं पाडायला आलाय असा समज झाला. गेडिसनी मग दरबाराकडे एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं. जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या आळीने घरं-दारं सर्वांत स्वच्छ आणि नीटनेटकी केली असतील तिथूनच जाईल. झालं, आळ्याआळ्यांत चढाओढ लागली. घराघरांतून, परसांतून निघालेला कचरा पालिकेने फुकट उचलला, ६००० गाड्यांहून जास्त. तुळशीची रोपं वाटली.

मिरवणुकीत हत्ती, घोडदळ, शेतकऱ्यांचे आणि कारागिरांचे रथ होते. मागून घाणीचा राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर आले. आणि मग शहरातले सफाई कामगार, पांढरेशुभ्र कपडे घातलेले, नवे झाडू खांद्यावर, झाडूंना फुलांच्या माळा. एरवी ज्यांच्यापासून सगळे अंग चोरायचे, ते त्या दिवशी मिरवणुकीच्या मध्यावर चालत होते. मला या साऱ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. त्यांच्यामागे लक्ष्मीचा रथ आणि पुढे होणाऱ्या इंदूरचे देखावे होते. शेवटी राक्षस आणि उंदीर दोघांचंही दहन झालं. गेडिसचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. त्यात नदीकाठ, गल्ल्या, विहिरी यांच्या जोडीला इंदुरात विद्यापीठ असावं ही सूचनाही होती. विद्यापीठ प्रत्यक्षात आलं १९६४ साली.

कचरा उचलला, पण टाकायचा कुठे? याचं उत्तरही इंदूरनेच शोधलं, तेही गेडिस गेल्यावर काही वर्षांत. १९२४ साली इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल इंदूरला आले आणि दरबाराने दिलेल्या जमिनीवर वनस्पती संशोधनाची संस्था उभी राहिली. आजचं कृषी महाविद्यालय आहे ते तिथेच. हॉवर्डसाहेबांसमोरचा प्रश्न साधा होता. माळव्याच्या काळ्या मातीला खत हवं, आणि शेण तर गोवऱ्या होऊन चुलीत जातं. मग शेतातला पालापाचोळा, तण, गवत यांचंच खत का करू नये?

कापसाच्या पऱ्हाट्या मात्र कुजता कुजत नाहीत. त्यांनी त्या शेतातल्या रस्त्यांवर पसरल्या. रोज बैलगाड्यांची चाकं आणि बैलांचे खूर त्यांवरून गेले की काही दिवसांत त्यांचा भुगा होई. हा भुगा, पालापाचोळा, गोठ्यातली मूत मुरलेली माती, थोडं शेण आणि चुलीतली राख असे थर ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यांत लावायचे. ओल राखायची, तीन वेळा चाळवायचं, आणि तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार. जगभर ही पद्धत आजही 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. केनियातल्या, श्रीलंकेतल्या मळ्यांतही ती गेली.

आमच्या वाड्यात परसात एक खड्डा होता. आजी रोज चुलीची राख आणि भाजीची देठं त्यात टाकायची, वर मूठभर माती. पावसाळ्याआधी तो उपसून जास्वंदीला आणि सोनटक्क्याला घालायची. हॉवर्डसाहेबांची पद्धत वाचली तेव्हा मला तो खड्डा आठवला. थर तेच, राख तीच.

१९३१ साली या प्रयोगांवर हॉवर्डसाहेबांचं पुस्तक निघालं. त्याच्या मुखपृष्ठावर त्यांच्या जोडीने एक मराठी नाव आहे: यशवंत वाड. ते संस्थेत रसायनशास्त्रज्ञ होते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी गांधीजी इंदुरात आले, तेव्हा त्यांनी ही खताची पद्धत जाऊन पाहिली आणि 'हरिजन'मध्ये तिच्याविषयी लिहिलं. मराठी साहित्य संमेलनही त्याच वर्षी इंदुरात भरलं होतं, अध्यक्ष औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. एकाच शहरात एका वर्षात दोन भाषांची संमेलनं.

आज सकाळी दारात कचऱ्याची गाडी येते, ओला वेगळा आणि सुका वेगळा द्यावा लागतो. ओला कचरा शहराच्या कडेला देवगुराडियाला जातो. तिथे २०२२पासून दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा प्रकल्प आहे, आणि मागे उरतं ते खत.

या गणपतीत त्या मुलीसाठी प्रश्न काढून ठेवला आहे: इंदूर पद्धतीच्या पुस्तकावर हॉवर्डसाहेबांच्या नावाशेजारी कोणाचं नाव आहे?