गाडीचे ॲव्हरेज वाढवायचे आहे? काही बसवण्याआधी हे वाचा

(कराड येथील आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक. पेट्रोल गाड्यांपुरते.)

घरच्या घरी काय केले म्हणजे गाडी जास्त ॲव्हरेज देईल, असे ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. बहुतेकांनी मोबाइलवर एखादा व्हिडिओ पाहिलेला असतो: पेट्रोलच्या पाइपला चुंबक लावा, हायड्रोजनचे किट बसवा, टाकीत गोळी टाका. आमचे सांगणे असे, की गाडी नवी असताना जे ॲव्हरेज देत होती, त्यातले किती कमी झाले आणि कुठे गेले, ते आधी शोधा. ते परत मिळवण्याची बरीचशी कामे अंगणात होतात. ती झाल्यावर नवे काही बसवण्याची गरज क्वचितच उरते.

आधी मोजा

मीटरमधल्या स्क्रीनवर दिसणारा आकडा हा अंदाज असतो. खरे ॲव्हरेज टाकी ते टाकीच मोजावे. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल भरा, तिथेच थांबा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसेच भरा आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, निदान तीन टाक्यांची सरासरी घ्या. वहीत लिहून ठेवा.

कंपनीने जाहिरातीत दिलेल्या आकड्याशी तुलना करून मनस्ताप करून घेऊ नका. तो आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून आणि ताशी ९० किलोमीटरच्या आत मिळालेला असतो. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक लिटर इथेनॉलमधून मिळणारी उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल वापरल्यास मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांचे १ ते २ टक्के घटेल, असा अंदाज दिला आहे. एवढ्या घटीमागे गाडीत बिघाड असेलच असे नाही. त्याहून जास्त घट असेल, तर पुढे वाचा. गाडी जुनी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप मात्र प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्या. इथेनॉलने जुने रबर खराब होते, आणि पेट्रोलचा वास येऊ लागला तर गाडी चालू न करता आम्हाला फोन करा.

हवा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. किती हवा भरायची हे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेले असते. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. आजच्या रेडियल टायरमध्ये पाच-सहा पीएसआय हवा कमी असली तरी डोळ्यांना कळत नाही. म्हणून स्वतःचा गेज घ्या आणि पंधरा दिवसांनी एकदा चारही टायर व स्टेपनी बघा. ॲव्हरेजच्या लोभाने स्टिकरपेक्षा बरीच जास्त हवा भरू नका. टायर मधोमध झिजतो आणि पावसात ब्रेक लागायला अंतर जास्त लागते.

चाक मोकळे फिरते का?

गाडी बऱ्याच दिवसांनी निघत असेल किंवा पावसाळ्यात कोकणात जाऊन आली असेल, तर ब्रेक कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजून घट्ट होतात आणि पॅड डिस्कला घासत राहतात. सपाट रस्त्यावर फारसा ब्रेक न मारता दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवा, उतरून प्रत्येक चाकाजवळ हात न्या. रिमला स्पर्श करू नका, भाजेल. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल, तर दोष तिथे आहे. हँडब्रेकची केबल ताणलेली राहिली तर मागची दोन्ही चाके अशीच तापतात. शोधण्याचे काम तुम्ही करा. ब्रेक उघडण्याचे काम मात्र घरी करू नका, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

थर्मोस्टॅट

याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे ॲव्हरेजची तक्रार घेऊन येणाऱ्या जुन्या गाड्यांत हा दोष वारंवार सापडतो. गाडी एकदा गरम झाली की काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. 'आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याची गरज नाही' असे ग्राहकाला सांगितले जाते. गाडी पुन्हा गरम होत नाही, म्हणून ग्राहकही खूश असतो.

थर्मोस्टॅटचे काम इंजिनला लवकर योग्य तापमानाला, साधारण ८५ ते ९५ अंशांना, आणून तिथे टिकवणे हे आहे. तो काढला की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतो आणि हिवाळ्यात किंवा हायवेवर इंजिन पुरेसे तापतच नाही. ईसीएमला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटते गाडी नुकतीच चालू झाली आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो. ऑइल जाड राहते, झीज वाढते.

घरी तपासणी सोपी आहे. गाडीच्या ओबीडी सॉकेटला (दोष तपासण्याच्या जोडणीला) लावायचे छोटे ब्लूटूथ यंत्र मिळते. त्यावर कूलंटचे तापमान मोबाइलवर दिसते. हायवेवर अर्धा तास चालूनही आकडा ७०च्या आसपासच घुटमळत असेल, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे. याच यंत्रावर इंजिनच्या लाइटचा कोडही वाचता येतो. कोड ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोलचे प्रमाण ठरवायला मदत करणाऱ्या भागाचा) असेल तर पुसून टाकून गाडी चालवत राहू नका. हा सेन्सर बिघडला की ॲव्हरेज फार मोठ्या प्रमाणात पडते.

फिल्टर आणि ऑइल

एअर फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज एकदम वाढते, हे कार्बोरेटरच्या काळातले खरे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर चोंदला की पिकअप कमी होतो, ॲव्हरेजवर फारसा फरक पडत नाही. तरी धुळीच्या रस्त्यावर आणि ऊसतोडणीच्या हंगामात तो वेळेआधी बघा, इंजिनच्या आयुष्यासाठी. ऑइल मात्र पुस्तकात दिलेल्या ग्रेडचेच घाला. ०डब्ल्यू-२० सांगितले असताना 'जाड ऑइल चांगले' म्हणून २०डब्ल्यू-५० घातले तर प्रत्येक किलोमीटरला त्याची किंमत मोजावी लागते.

काढण्यासारखे, परत लावण्यासारखे

वापरात नसलेला टपावरचा कॅरिअर काढून ठेवा. डिकीतले कायमचे सामान उतरवा. बंपरसमोरचा लोखंडी गार्ड वजन वाढवतो, हवा अडवतो, शिवाय तो नियमबाह्य आहे. इंजिनखालचे प्लास्टिकचे आवरण स्पीडब्रेकरला लागून तुटले असेल तर ते पुन्हा बसवा. गाडीखालची हवा त्याने सुरळीत वाहते. परदेशात काही हौशी लोक समोरची जाळी पुठ्ठ्याने झाकतात. थंड देशात ते ठीक. आपल्याकडे मे महिन्यात, एसी चालू ठेवून आणि ट्रॅफिकमध्ये उभे राहून ते करू नका.

हायवे आणि घाट

वेग ८० वरून १०० वर नेला की हवेचा अडथळा दीडपटीहून अधिक होतो. कराडहून पुण्याला जाताना एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो, तो कुठल्याही किटने पडणार नाही.

खंबाटकी किंवा कुंभार्ली उतरताना गाडी न्यूट्रल करणारे अजून भेटतात. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोलचा पुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी लागत नाहीत. कृपया हे करू नका.

आम्ही काय बसवत नाही

पाण्यापासून हायड्रोजन करणारे किट बॅटरीवर, बॅटरी अल्टरनेटरवर आणि अल्टरनेटर इंजिनवर चालतो. म्हणजे खर्च शेवटी पेट्रोलचाच, आणि प्रत्येक टप्प्यावर काही ऊर्जा वाया जाते. काही किटसोबत ऑक्सिजन सेन्सरला फसवणारे सर्किट देतात. त्याने हवेत पेट्रोल कमी पडून म्हणजे मिश्रण पातळ होऊन व्हॉल्व्ह जळू शकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. लक्षणीय बचत करणारे एकही सापडले नाही. चुंबक आम्ही ठेवत नाही, आणि पेट्रोलमध्ये ॲसिटोन घातलेली गाडी आली तर आधी टाकी रिकामी करतो.

कायदाही पाहा. आरसीवरील नोंदीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

खर्च खरोखर कमी करायचा आणि रोजचे चालणे भरपूर असेल, तर मान्यताप्राप्त सीएनजी किट हा विचार करण्याजोगा बदल आहे. तो घरी करण्याचा नाही. अधिकृत केंद्रातूनच बसवा, आरटीओत आरसीवर नोंद करा, विमा कंपनीला कळवा आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्या. आम्ही सीएनजी किट बसवत नाही, पण बसवण्याआधी इंजिन त्यासाठी ठीक आहे का, हे कॉम्प्रेशन तपासून सांगतो. येताना ॲव्हरेजची वही सोबत आणा.