एलएलएमला आंतरराष्ट्रीय कायदा, पण हा विषय आला कुठून?

मार्सेलिसची उडी आपल्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असते. ८ जुलै १९१० ला सावरकर मोरिया बोटीतून निसटले, पोहत धक्क्यावर आले, आणि फ्रेंच शिपायानेच त्यांना धरून परत ब्रिटिशांच्या हवाली केलं. पण गोष्ट तिथे संपत नाही, फ्रान्सने माणूस परत मागितला, प्रकरण हेगला पाच जणांच्या लवादापुढे गेलं आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल आला की पकडून देण्यात गडबड झाली हे खरं, पण परक्या देशाच्या पोलिसाकडून अशी चूक झाली म्हणून ताब्यातला कैदी परत द्यायलाच हवा असा काही नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. एलएलबीला ही केस दोन ओळींत उरकतात. एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासाला, खरा प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे दोन साम्राज्यं एका माणसावरून भांडतायत आणि त्या माणसाला स्वतःला त्या कोर्टात तोंडच नाही, हे असं कसं? मला तरी वाटतं या विषयाचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे.

कॉलेजात शिकवायचा स्वतंत्र विषय म्हणून हा तसा फार जुना नाही. या विषयाचा जनक मानला जाणारा डच कायदेपंडित ग्रोशियस, त्याचा ग्रंथ १६२५ चा, पण ऑक्सफर्डला या विषयाची खुर्ची, म्हणजे प्राध्यापकपद, आली १८५९ ला आणि केंब्रिजला त्यानंतर दहाएक वर्षांनी. केंब्रिजची गोष्ट मला फार आवडते. विल्यम ह्यूएल हा ट्रिनिटी कॉलेजचा प्रमुख, मुळात विज्ञानाचा माणूस, त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले आणि अटच घातली की जो प्राध्यापक होईल त्याने युद्धाचे दुष्परिणाम कमी होतील आणि शेवटी राष्ट्राराष्ट्रांतलं युद्धच बंद होईल असे नियम आणि उपाय सुचवायचे. म्हणजे ही खुर्चीच मुळात युद्ध थांबवायला मांडलेली. मग १८७३ ला बेल्जियममधल्या गेंटमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांची संस्था निघाली, हेगला अमेरिकन उद्योगपती कार्नेगीच्या १५ लाख डॉलर्समधून लवादाच्या कोर्टासाठी शांतता प्रासाद (पीस पॅलेस) उभा राहिला, १९१३ च्या ऑगस्टमध्ये उद्घाटन झालं आणि वर्षभरात पहिलं महायुद्ध पेटलं. तरी लोकांनी सोडलं नाही, त्याच आवारात १९२३ ला हेग अकॅडमीचे उन्हाळी वर्ग सुरू झाले, आजही देशोदेशीची मुलं तिथे जातात. १९२७ ला जिनिव्हाला पदवीनंतरच्या अभ्यासासाठी वेगळी संस्था निघाली, कारण लीग ऑफ नेशन्सचं (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेचं) सगळं काम शेजारीच चालू होतं.

याच काळात पोलंडमधल्या ल्वुव शहरात (आताचं युक्रेनमधलं ल्विव) लाउटरपाख्त आणि लेमकिन कायदा शिकले. लाउटरपाख्त पुढे व्हिएन्नाला गेला, १९२३ ला लंडनला आला आणि १९३८ ला ह्यूएलच्याच खुर्चीवर बसला. मानवतेविरुद्धचे गुन्हे ही संकल्पना नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात आली त्यात त्याचा मोठा हात, आणि जेनोसाइड (वंशसंहार) हा शब्द १९४४ ला लेमकिनने दिला. दोघांच्याही घरची बहुतेक माणसं नाझींनी मारली. एकट्या माणसाला आंतरराष्ट्रीय कायद्यात जागा मिळाली पाहिजे हे इतक्या तळमळीने कोण मांडणार, तर ज्याचं घर गेलं तोच.

ल्वुवमध्येच जन्मलेला तिसरा माणूस आपल्याकडे आला, अलेक्झांड्रोविच. १९५१ पासून दहा वर्षं त्याने मद्रास विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला आणि जुने तह काढून काढून दाखवलं की युरोपियन लोक सुरुवातीला आशियातल्या राजांशी, त्यात मराठेही आले, सार्वभौम सत्ता म्हणूनच करार करत होते, त्यांना खालचं ठरवणं ही एकोणिसाव्या शतकातली भर. दिल्लीला १९५५ मध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झालं (१९७० ला जेएनयूत गेलं), १९५९ मध्ये इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ. तिथे आर. पी. आनंद यांच्यासारखे लोक विचारू लागले की जे नियम बनवताना आम्ही गुलामीत होतो ते आम्हाला कशाच्या जोरावर लागू होतात. पुढे १९९७ च्या सुमारास हार्वर्डला शिकणाऱ्या तिसऱ्या जगातल्या विद्यार्थ्यांनी याच विचाराला ट्वेल (TWAIL, थर्ड वर्ल्ड अप्रोचेस टू इंटरनॅशनल लॉ) हे नाव दिलं. विद्यार्थ्यांनी, हे मुद्दाम सांगतोय.

आणि आता आपली दुसरी केस. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली, त्या मोहिमेत सुधीर फडकेही होते हे आपल्याला ठाऊक आहेच. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि तीनच दिवसांनी भारतावर दावा ठोकला की दमणहून तिथे जायचा रस्ता आमच्या हक्काचा आहे. पुरावा काय, तर १७७९ चा पेशव्यांशी झालेला तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. मग हेगच्या कोर्टात सरंजाम आणि जहागीर (म्हणजे सत्ता न देता नुसता महसूल लावून देणं) या शब्दांचा कीस पडला! कोर्ट म्हणालं की मराठी मजकुरात सार्वभौमत्व दिल्याची भाषा नाही, बारा हजार रुपयांचा महसूल लावून दिलाय एवढंच. पुढे ब्रिटिशांनी मात्र पोर्तुगालची सत्ता मानली आणि नंतर भारतानेही मूकपणे तसंच धरलं, म्हणून १२ एप्रिल १९६० च्या निकालात नागरिक, मुलकी अधिकारी आणि मालाला जायचा हक्क होता पण फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारांना नाही असं ठरलं, आणि भारताने काही चूक केली नाही हेही. त्या खटल्यात भारताच्या बाजूने फक्त त्या खटल्यापुरते नेमलेले अ‍ॅड-हॉक न्यायाधीश होते मुंबईचे छागला.

१९११ च्या खटल्यात आपला माणूस नुसता विषय होता, १९६० च्या खटल्यात आपण पक्षकार, खंडपीठावर आपला न्यायाधीश आणि पुराव्यात पेशवाईचा कागद, मधे पन्नासच वर्षं.

आता एलएलएम बऱ्याच ठिकाणी एका वर्षात संपतं, त्यामुळे मुलं डिझर्टेशनला युक्रेन, गाझा, क्लायमेट असे चालू विषय घेतात आणि ते चूक नाही, ते गरजेचंच आहे. पण दादरा-नगर हवेलीच्या या खटल्याची सगळी कागदपत्रं, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद न्यायालयाच्या वेबसाइटवर फुकट पडलेत, आणि तहातला सरंजाम हा शब्द ज्याला भाषांतराशिवाय कळतो, जमलंच तर मोडीही वाचता येते, असा विद्यार्थी पुण्या-मुंबईत, कोल्हापुरात, पणजीत बसलेला आहे.