गांधीबागेतली उधारी अन लॉकडाऊन: थोडं मागचं

छोटे व्यापारी कोरोनात कसे तगले हे समजायचं तर 2020च्या आधीपासून बघावं लागते. 8 नोव्हेंबर 2016ला नोटबंदी आली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर, त्यातून सावरते न सावरते तोच 1 जुलै 2017ला जीएसटी, म्हणजे कोरोना यायच्या आधीच गल्ल्यात फार काही उरलं नव्हतं.

माझ्या मामाचं नागपूरच्या गांधीबागेत साड्यांचं होलसेल दुकान. इथला धंदा उधारीवरच चालतो, सुरतेहून माल दोन-तीन महिन्यांच्या उधारीवर, तोच पुढं गोंदिया, भंडारा, छिंदवाड्याच्या दुकानदाराला परत उधारीवर, तो विकणार मग पैसे देणार. एप्रिल-मे च्या लग्नांसाठी फेब्रुवारीतच गोडाऊन भरून ठेवायचं. 2020ला पण भरलं अन 25 मार्चला लॉकडाऊन. 26 एप्रिलची अक्षय्य तृतीया शटर बंद ठेवूनच गेली. मामा खातेवही घरी घेऊन बसायचा पण वसुलीचा फोन काही करेना, कारण सुरतवाल्याचा फोन तो स्वतःच उचलत नव्हता 😅 जूनमध्ये सम-विषम तारखा बघत दुकान उघडलं तर निम्मे गठ्ठे न सोडलेले तसेच पडून.

सरकारी मदत आली, नाही असं नाही. कर्जाच्या हप्त्यांना 31 ऑगस्टपर्यंत सवलत मिळाली पण व्याजाचं मीटर चालूच होतं. 3 लाख कोटींची विनातारण कर्जाची स्कीम आली, त्यात 29 फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या 20 टक्के मिळणार, आता ज्यानं आयुष्यभर बँकेची पायरीच चढली नाही त्याला शून्याचे 20 टक्के! अन 2017पासून व्यापारी एमएसएमईत (सूक्ष्म, लघु अन मध्यम उद्योगांत) मोजलेच जात नव्हते, 2019पासून ते खातं आपल्याच खासदाराकडं म्हणजे गडकरींकडं असूनही. 2 जुलै 2021ला त्यांनी किरकोळ-घाऊक व्यापार परत आत घेतला, तोही मुख्यतः बँकांच्या प्राधान्य कर्जापुरता (ठरावीक क्षेत्रांना बँकांनी द्यायचंच असं कर्ज), अन पाचच दिवसांत खातं नारायण राणेंकडं गेलं.

त्याआधी मार्च 2021मध्ये (15 ते 21) नागपूर परत बंद झालं होतंच. पण त्या वर्षी मामानं गोडाऊन भरलंच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साड्यांचे फोटो टाकायचे, अर्धे पैसे आले की मगच सुरतेला ऑर्डर. गोंदियाचे दोन जुने गिऱ्हाईक यावरून रुसले ते अजून आले नाहीत.